बंदरात येणारं शिडाचं युद्धजहाज (चित्रविषय)

युरोपातल्या सागरचित्रांमधला हा एक ठरलेला विषय. यात लढाई नसते, वादळही नसतं, तोफांचं मोठं जहाज शिडं थोडी थोडी आवरत बंदरात शिरतंय, सलामीचा धूर निघतोय, आजूबाजूला लहान होड्या आणि धक्क्यावर माणसं, असा साधारण देखावा. नेदरलँड्समध्ये 1600 च्या आसपास तो पक्का झाला आणि पुढे इंग्लंडात गेला.

उगम नेमका कुठला यावर बराच वाद आहे. जुने संदर्भग्रंथ नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या हेंड्रिक व्रोमला पहिला सागरचित्रकार मानतात आणि त्याचा जन्म 1566 चा देतात, अलीकडचे अभ्यासक 1562-63 धरतात, मृत्यू 1640 चा यावर मात्र एकमत आहे. दुसरा पक्ष म्हणतो की अँटवर्पमध्ये हे आधीच सुरू झालं होतं, कारण थोरला ब्रूगेल या चित्रकाराच्या रेखाटनांवरून फ्रान्स हाउसने कोरलेली जहाजांची मालिका साधारण 1561-65 ची आहे आणि तिच्यात दोर न् दोर दाखवलाय. त्याच्याही आधीचं, ग्रिनिचच्या म्युझियममधलं खडकाळ किनाऱ्याजवळच्या पोर्तुगीज जहाजांचं चित्र साधारण 1540 चं धरतात, आणि 1521 मध्ये पोर्तुगालची राजकन्या बिआत्रिस लग्नासाठी सव्हॉयला गेली तो ताफाच यात आहे असं काहींचं मत, पण ते ओळख पटवणं थोडं ओढूनताणून वाटतं. एकंदरीत विषय जुना, पण त्यावर पोट भरणारा चित्रकार व्रोमपासून, हे म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे. त्याचं 1599 मध्ये पूर्वेकडून ॲमस्टरडॅमला परतलेल्या चार जहाजांचं चित्र प्रसिद्ध आहे, पण ती व्यापारी जहाजं. खरं नमुन्याचं चित्र म्हणजे 1623 चं, ज्यात 'प्रिन्स रॉयल' हे इंग्लंडचं युद्धजहाज राजा जेम्सची मुलगी एलिझाबेथ आणि जावई फ्रेडरिक यांना घेऊन नेदरलँड्समधल्या व्लिसिंगेन बंदरात पोचतंय. घटना 1613 ची, म्हणजे चित्र दहा वर्षांनी काढलेलं, त्यामुळे गर्दी आणि झेंडे याला डोळ्यांनी पाहिलेला पुरावा समजू नये.

चित्र वाचायचं तर आधी वारा शोधावा. वारा मागून असेल तर झेंडे नाळेकडे (जहाजाच्या पुढच्या टोकाकडे), म्हणजे जहाज जातंय त्याच दिशेला फडकतात, आणि आपल्याला मोटारीवरचा झेंडा मागे उडताना बघायची सवय असल्यामुळे हे पहिल्यांदा चूक वाटतं पण तेच बरोबर आहे, उलट नक्कल करणारे इथेच फसतात. तोफांचा धूरही त्याच बाजूला गेला पाहिजे. मग शिडं बघायची, सगळ्यात खालची मोठी शिडं आधी वर गोळा करतात कारण वेग कमी करायचा असतो आणि समोरचं दिसायला हवं असतं, मधली शिडं तेवढी ठेवतात. थांबताना मधल्या डोलकाठीचं शीड असं फिरवतात की वारा त्याच्या पुढच्या बाजूवर आपटतो आणि जहाजाची चाल मोडते, नांगर तोवर नाळेजवळ तयार लटकलेला असतो. जहाज कोणतं ते बहुतेकदा मागच्या बाजूच्या कोरीवकामावरून कळतं, म्हणून चित्रकार ती बाजू आवर्जून आपल्याकडे वळवतात. इंग्लंडात तर अठराव्या शतकात एकच जहाज एकाच चित्रात दोन बाजूंनी दाखवायची पद्धत पडली, ती दोन वेगळी जहाजं समजू नयेत.

1672-73 च्या हिवाळ्यात विलेम वान द वेल्द हे एकाच नावाचे डच सागरचित्रकार बाप-लेक इंग्लंडात आले. तिथला राजा दुसरा चार्ल्स याने दोघांना वर्षाला 100-100 पौंड लावून दिले, बापाने रेखाटनं करायची आणि मुलाने त्यांत रंग भरायचे. बाप लढाई चालू असताना होडीतून जाऊन रेखाटनं करायचा, त्यामुळे त्यांच्या जहाजांवर भरवसा ठेवता येतो.

हिंदुस्थानच्या बाजूने बघितलं तर 1730 नंतर लवकरच जॉर्ज लॅम्बर्ट आणि सॅम्युअल स्कॉट यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीसाठी सहा ठाण्यांची चित्रं काढली, त्यात मुंबई आहे, जमीन-इमारती लॅम्बर्टच्या आणि जहाजं स्कॉटची. दोघांपैकी कुणीच इकडे आलेलं नव्हतं, म्हणून जहाजं खरी आणि किनारा ऐकीव असं समजून ते बघावं. मराठी आरमार या परंपरेत येतं ते मुख्यतः शत्रू म्हणून, डॉमिनिक सेरेस या चित्रकाराच्या 1771 च्या चित्रात आंग्र्यांचा विजयदुर्ग पडतानाच दिसतो, आणि त्यांची गुराबं-गलबतं (लढाऊ जहाजं) ज्यांना जवळची वाटतात त्यांना हे खटकायलाच हवं.

बडोद्याला समुद्र नाही, पण ओखा आणि द्वारका गायकवाडांच्या राज्यात होती. बडोद्याच्या कमाटीबागेतली पिक्चर गॅलरी सयाजीरावांनी बांधली, युरोपियन चित्रं निवडायचं काम लंडनचे समीक्षक मॅरियन स्पीलमन यांना दिलं. इमारत 1914 मध्ये तयार झाली पण महायुद्धामुळे चित्रं तिकडेच अडकली आणि गॅलरी उघडली ती 1921 मध्ये. तिथे युरोपियन दालनात कुठलंही जहाज दिसलं तर आधी झेंडा आणि धूर एकाच दिशेला आहेत का ते बघावं, नाव-साल नंतर.