गोच्या फॉर लूपला आता फंक्शनही चालतं

गो ही गूगलमध्ये तयार झालेली प्रोग्रॅमिंग लँग्वेज, 2009 मध्ये सगळ्यांसाठी खुली झाली. तिच्यात व्हाइल वगैरे भानगड नाही, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) म्हणजे फक्त फॉर. डेटामधून एकेक करत फिरायचं तर फॉरच्या जोडीला रेंज लिहायचं, पण ते चालायचं ठरावीक प्रकारांवरच: अ‍ॅरे, स्लाइस (दोन्ही याद्याच), स्ट्रिंग (मजकूर), मॅप (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या), चॅनल (प्रोग्रॅमच्या भागांमध्ये डेटा पाठवायची वाट).

स्ट्रिंगचंच बघा ना, "मराठी" वर रेंज लावलं की लूप पाच वेळा फिरतो, म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी, पण सोबत येणारे बाइटच्या जागेचे नंबर असतात 0, 3, 6, 9, 12, कारण यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं. हा सगळा हिशोब लूप परस्पर करून टाकतो, आणि मला ते मनापासून आवडतं.

पण हे लाड फक्त घरच्या प्रकारांचे! मार्च 2022 मध्ये गोच्या 1.18 आवृत्तीसोबत जेनेरिक्स आले, म्हणजे एकच कोड वेगवेगळ्या प्रकारांसाठी लिहायची सोय, डेटा ठेवायला स्वतःचा सेट किंवा ट्री लिहिणं सोपं झालं, तरी त्यावर रेंज काही चालेना, मग कुणी नेक्स्ट नावाची मेथड द्यायचं, कुणी कॉलबॅक, म्हणजे दर व्हॅल्यूला चालवायचं फंक्शन, मागायचं, प्रत्येक लायब्ररीची तऱ्हा वेगळी.

फेब्रुवारी 2024 च्या 1.22 मध्ये नुसत्या आकड्यावर रेंज चालू झालं, रेंज 10 म्हटलं की 0 ते 9. खरी उडी मात्र ऑगस्टमधल्या 1.23 ची, तिथे रेंजला चक्क फंक्शन देता येतं. कंपायलर (कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम) लूपच्या आतल्या कोडचंच एक फंक्शन बनवतो, त्याला बहुतेक जण यील्ड म्हणतात, ते तुमच्या फंक्शनच्या हातात देतो, आणि तुम्ही एकेक व्हॅल्यू त्याला देत जायची. लूपमध्ये ब्रेक आला की यील्ड फॉल्स परत करतं, म्हणजे आता थांबा, आणि तरी परत कॉल केलात तर प्रोग्रॅम पॅनिक होतो, म्हणजे एररने कोसळतो. अख्खी यादी आधी मेमरीत भरायची गरजच उरत नाही, त्यामुळे फिबोनाचीसारखी न संपणारी मालिकासुद्धा हवी तेवढीच चालवता येते.

असं फंक्शन लिहिताना सुरुवातीला डोकं गरगरतं हे खरं, पण ते लिहिणार एक जण आणि वापरणार शंभर, त्यामुळे मला हा सौदा पटतो. मॅपमधून फिरायचा क्रम गो मुद्दाम बदलता ठेवतं, म्हणून कीज क्रमाने हव्या असल्या की आधी स्लाइस बनवा, लूपने भरा, मग सॉर्ट करा असं चालायचं, आता स्लाइसेस.सॉर्टेड मध्ये मॅप्स.कीज टाकलं की एका ओळीत काम होतं.