कोविड-१९ : मातेकडून नवजात बाळाला होणारा संसर्ग

सार्स-कोव्ह-२ या विषाणूची बाधा झालेल्या गरोदर स्त्रीकडून गर्भाला किंवा नुकत्याच जन्मलेल्या बाळाला होणारा संसर्ग. तो गर्भाशयात वारेवाटे (वार म्हणजे आई आणि गर्भाला जोडणारी अपरा, प्लॅसेंटा), प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतर जवळच्या माणसांच्या श्वासावाटे होऊ शकतो. पहिला प्रकार दुर्मीळ आहे, पण वाद झाला तो त्याच्यावरच.

वारेवाटे बाळापर्यंत पोचायचे तर विषाणू आधी आईच्या रक्तात उतरावा लागतो. कोविड मुख्यतः श्वसनमार्गाचा आजार असल्याने तसे क्वचितच घडते. शिवाय पेशीत शिरताना या विषाणूला एसीई-२ हे ग्राही प्रथिन (पेशीवरचे, विषाणू ज्याला चिकटतो ते प्रथिन) लागते आणि टीएमपीआरएसएस-२ या विकराचीही (एन्झाइमची) मदत लागते. वारेच्या एकाच पेशीत ही जोडी फारशी सापडत नाही. मात्र वारेलाच दाह झाला, तिच्यात फायब्रिन हे रक्त गोठवणारे प्रथिन साचून पेशी मरू लागल्या, की बाळाचा प्राणवायू तुटतो. अशा वेळी बाळाला लागण न होताही ते पोटात दगावू शकते.

खरी अडचण पुराव्याची. जन्मतः घेतलेला स्वॅब पॉझिटिव्ह आला, तरी तो आईच्या स्रावांचा नुसता अंशही असू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२१ मध्ये निकष ठरवले. गर्भाशयातील संसर्ग निश्चित म्हणायचा, तर जन्मानंतरच्या पहिल्या २४ तासांत विषाणूचा पुरावा मिळायला हवा आणि २४ ते ४८ तासांच्या फेरतपासणीतही तो टिकून राहायला हवा. प्रतिपिंडांपैकी (अँटिबॉडींपैकी) आयजीजी प्रकारची आईकडून बाळात सहज उतरतात, त्यामुळे त्यांवरून काही सिद्ध होत नाही. आयजीएम प्रकारची वार ओलांडत नाहीत, म्हणून ती बाळात सापडली तर बाळानेच तयार केलेली असण्याची शक्यता असते. एरवी पुरून टाकली जाणारी वार या काळात प्रयोगशाळेत जाऊ लागली, कारण सगळ्यांत भरवशाची साक्ष तिचीच होती.

वुहानमधील नऊ मातांवरचा फेब्रुवारी २०२० चा अभ्यास दिलासा देणारा होता : त्यांपैकी सहा जणींचे गर्भजल, नाळेतील रक्त आणि दूध तपासले, कशातही विषाणू नव्हता. जुलै २०२० मध्ये पॅरिसजवळच्या क्लामार येथील डॉक्टरांनी वारेवाटे झालेल्या संसर्गाचे सविस्तर प्रकरण प्रसिद्ध केले. त्याच महिन्यात पुण्याच्या ससून रुग्णालयातील असेच प्रकरण समोर आले. तिथे आईचा स्वॅब निगेटिव्ह होता. बाळाचा स्वॅब, वार आणि नाळ मात्र पॉझिटिव्ह. पुढे आईच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली तेव्हा तिलाही लागण झाली होती हे कळले. बाळ गंभीर आजारी पडले, पण उपचारांनंतर बरे होऊन घरी गेले.

‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील २०२२ च्या आढाव्यात बाधित मातांच्या चौदा हजारांहून अधिक बाळांपैकी सुमारे १.८ टक्के पॉझिटिव्ह आढळली. आईचा आजार गंभीर असेल तर धोका वाढलेला दिसला. सिझेरियन की नैसर्गिक प्रसूती, किंवा अंगावर पाजणे, यांचा संबंध दिसला नाही. साथीच्या सुरुवातीला अनेक ठिकाणी बाळाला जन्मताच बाळंतिणीपासून दूर ठेवले गेले, ते पुराव्यापेक्षा धास्तीपोटी. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला मात्र मास्क लावून, हात धुऊन बाळाला जवळ घ्यावे आणि पाजावे, असाच होता.

भारतात गरोदर स्त्रियांच्या लसीकरणाला २ जुलै २०२१ रोजी परवानगी मिळाली. लसीमुळे आईच्या शरीरात तयार होणारी आयजीजी प्रतिपिंडे वारेतूनच बाळाकडे जातात आणि पहिले काही महिने त्याला संरक्षण देतात.