ओव्हरक्लॉकिंगसाठी चिपसेटची निवड

कंपनीने ठरवून दिलेल्या वेगाच्या वर प्रोसेसर चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. आजच्या संगणकात त्याची मुभा प्रोसेसरइतकीच मदरबोर्डावरच्या चिपसेटवर, म्हणजे प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांच्यातला संपर्क सांभाळणाऱ्या चिपवर, अवलंबून असते. चिपसेट चुकला तर बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या, बोर्डावरच्याच मूळ प्रणालीत) वेग वाढवण्याचा पर्यायच दिसत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि व्हिडिओ संकलन करणारे अनेक जण स्वतःच संगणक जुळवतात. हवा तो बोर्ड गावात मिळाला नाही, तर तो पुण्याहून किंवा बंगळूरहून मागवायचा. म्हणून निवड आधीच नीट झालेली बरी.

पूर्वी एवढे निर्बंध नव्हते. १९९८ साली, म्हणजे बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ स्थापन झाले त्याच वर्षी, इंटेलचा सेलेरॉन ३००ए बाजारात आला. त्याचा ठरलेला वेग ३०० मेगाहर्ट्झ. ४४०बीएक्स चिपसेटच्या बोर्डावर बसचा, म्हणजे प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या वाटेचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ४.५ या गुणकाने (बसच्या वेगाला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग येतो तो) प्रोसेसर ४५० वर पोचे, आणि स्वस्तातला प्रोसेसर महागड्या पेंटियमच्या पंक्तीत बसे. इंटेलच्या २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत ही वाट बंद झाली. त्या पिढीत १०० मेगाहर्ट्झच्या एकाच बेस क्लॉकवर, म्हणजे पायाच्या ठोक्यावर, बाकीच्या जोडण्याही बांधल्या गेल्या. तो थोडासा वाढवला तरी डिस्क आणि ग्राफिक्स कार्ड गडबडू लागले. हाताशी उरला तो गुणक, आणि त्याला कुलूप घालणे कंपनीला सोपे गेले.

इंटेलचा नियम कडक आहे. प्रोसेसरच्या नावात ‘के’ हवा आणि चिपसेट झेड मालिकेतला हवा: झेड६९०, झेड७९०, झेड८९०. बी६६० किंवा बी७६० वर मेमरीचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा गुणक नाही. ‘के’चा प्रोसेसर घेऊन बी७६० बोर्डावर बसवणे म्हणजे कुलपाचे पैसे भरून किल्ली दुकानातच ठेवून येणे. एएमडीने २०१७ च्या पहिल्या रायझनपासून हात सैल ठेवला. बी३५०, बी४५०, बी५५०, बी६५०, बी८५० या सगळ्यांवर गुणक मोकळा. ए३२०, ए५२० आणि ए६२० वर मात्र बंद. एक्स मालिका महाग असते ती मुख्यतः जास्तीच्या पीसीआयई (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डे बसतात त्या) आणि यूएसबी जोडण्यांसाठी. निव्वळ ओव्हरक्लॉकिंगसाठी तिच्यावर खर्च करायचे कारण नाही.

चिपसेट फक्त परवानगी देतो. लागणारी वीज पुरवतो तो बोर्डावरचा व्हीआरएम, म्हणजे व्होल्टेज नियंत्रित करणारा भाग, हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही १० टक्क्यांनी वाढवले तर वीज सुमारे ३३ टक्के वाढते. दुकानात बोर्ड हातात घेतल्यावर सॉकेटच्या (प्रोसेसर बसतो त्या जागेच्या) डाव्या आणि वरच्या बाजूला पाहावे: चौकोनी कॉइलची रांग दिसते आणि तिच्या शेजारी मॉसफेट, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या छोट्या चिपा, असतात. मॉसफेटवर जाड, खाचा पाडलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा घट्ट बसलेला हवा. काही स्वस्त बोर्डांवर ते उघडेच असतात. असा बोर्ड नावाने झेड मालिकेतला असला तरी ओव्हरक्लॉकिंगला घेऊ नये. त्यापेक्षा भरभक्कम व्हीआरएमचा बी६५० केव्हाही चांगला.

सीमाभागाचे हवामानही हिशेबात धरावे लागते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा सुमारे ७ टक्क्यांनी विरळ, म्हणजे पंख्याला थोडी जास्त मेहनत. त्याहून मोठा फरक ऋतूचा. प्रोसेसरवरचा कूलर त्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. जानेवारीत २० अंशाच्या खोलीत स्थिर चाललेली सेटिंग एप्रिलच्या दुपारी ३४ अंशाला बंद पडू शकते. चाचणी चैत्र-वैशाखात टिकली तरच ती खरी.

पावसाळ्यात कणकुंबी, जांबोटीच्या पट्ट्यात वीज गेली की बायोस अपडेट अर्धवट राहून बोर्ड मृत होण्याचा धोका असतो. यूपीएस हवाच. शिवाय बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड घ्यावा. त्याने प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून बायोस पुन्हा भरता येतो. अपडेट टाळून मात्र चालत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे काही प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे झिजत होते, आणि त्यावरची दुरुस्ती २०२४ मध्ये बायोसमधूनच आली.

जुना झेड बोर्ड घेताना मोबाइलच्या उजेडात सॉकेटच्या पिना तिरप्या कोनातून पाहाव्यात. सगळ्या रांगा सारख्या चमकल्या पाहिजेत. एखादी पिन वाकलेली असेल तर मेमरीची एक वाहिनी मरू शकते, आणि विक्रेता दोष रॅमवर ढकलतो.