कर्लीच्या खाडीत, पाण्याच्या पातळीवर

देवबागला पहाटे जाग आली ती लाटांच्या आवाजाने. तासाभरात आई आणि मी पाण्यावर होतो, आणि तिथे लाट नावाची गोष्टच नव्हती. खोलीच्या मागच्या दाराने समुद्र, पुढच्या दाराने खाडी. मधलं अंतर चालत पाच-सात मिनिटांचं. एवढ्याशा अंतरात पाण्याचा स्वभाव इतका कसा बदलतो, हा प्रश्न मला किनाऱ्यावर उभं राहून कधी पडला नव्हता. कयाक या छोट्या, वल्हवायच्या होडीत बसल्यावर पडला, कारण तिथे आपण पाण्याकडे बघत नसतो, पाण्यात बसलेले असतो.

मालवणहून तारकर्ली मागे टाकून दक्षिणेला गेलं की जमीन निमुळती होत जाते. डाव्या हाताला कर्ली नदीची खाडी, उजव्या हाताला अरबी समुद्र आणि मधे माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. हेच देवबाग. पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते, आणि पलीकडे भोगवे दिसतं. खाडीच्या बाजूला मच्छीमारांच्या होड्या निवांत उभ्या असतात. असं निसर्गाने दिलेलं बंदर असेल तर धक्का बांधायचीही फारशी गरज पडत नाही.

आईला पोहता येत नाही. कयाक बघितल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो बिनतोड होता: "हिच्या तळाला भोकं आहेत, आणि हिच्यातून जायचं?" भोकं खरंच होती, अंगठा जाईल एवढी, आरपार. ही कयाक म्हणजे पोकळ, सगळीकडून बंद असलेला प्लॅस्टिकचा डबा असतो. साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालून, साचा भट्टीत सगळ्या बाजूंनी फिरवत ती वितळवतात, म्हणून कुठे सांधाच राहत नाही. भोकं त्या डब्याच्या पोकळीत उघडत नाहीत. वरून खाली जाणाऱ्या नळ्या असतात त्या. बसायची जागा बाहेरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी उंच ठेवलेली असते. त्यामुळे वल्ह्यावरून उडालेलं पाणी आपोआप खाली निघून जातं. नळीत पाणी दिसतं, पण ते पातळीएवढंच चढतं.

समुद्राचं एक लिटर पाणी साधारण १.०२५ किलो भरतं. आम्ही दोघं आणि कयाक मिळून दीडशे किलोच्या वर होतो, म्हणजे सुमारे दीडशे लिटर पाणी बाजूला सारलं की तरंगायचं काम झालं. दोघांना पुरेल एवढ्या लांब कयाकला हे फार थोडं. तरंगण्याची काळजी नव्हतीच. काळजी होती उलटण्याची.

"काकी, घाबरू नकात," आमचा वाटाड्या म्हणाला. तिशीतला, देवबागचाच. "उभ्या रवलात तरच ती उलटतली."

त्याच्या एका वाक्यात जहाजबांधणीचं अर्धं शास्त्र आहे. कयाक एका बाजूला कलली की त्या बाजूचा जास्त भाग पाण्यात जातो, आणि पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो. आपलं वजन मात्र मध्यावरून खाली ओढत असतं. या दोघांची जोडी कयाकला पुन्हा सरळ करते. वजन जितकं खाली तितकं हे काम सोपं. उभं राहिलं की वजन वर जातं आणि तोच जोर उलटवायला मदत करू लागतो. रुंदीचा परिणाम तर चकित करणारा आहे. होडीचा हा सावरणारा जोर ढोबळ मानाने रुंदीच्या घनाच्या पटीत वाढतो. रुंदी दुप्पट केली तर आठपट. म्हणून शर्यतीची अरुंद कयाक शिकाऊ माणसाला क्षणात पाण्यात टाकते, आणि पर्यटकांची पाऊण मीटरहून रुंद कयाक आईसारख्या नवख्या माणसालाही सांभाळून घेते.

कोकणातल्या होडीवाल्यांनी याच अडचणीवर वेगळा तोडगा काढला: उलांडी. होडी अरुंदच ठेवायची, म्हणजे पाणी कापत सुळकन जाईल, आणि बाजूला दोन दांड्यांवर एक लाकडी ओंडका बांधायचा. रुंदी मिळते, पण रुंद होडीला पाणी जेवढं अडवतं तेवढं अडवत नाही. कयाक शब्द आला उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट शिकाऱ्यांकडून. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते ती बनवायचे. त्यांनी उलटलेली कयाक बसल्या जागी, वल्ह्याच्या एका हिसक्यात सरळ करायची कला कमावली. दोन टोकांचे समुद्र, प्रश्न तोच, आणि उत्तरं किती वेगळी.

लाइफ जॅकेटचे पट्टे वाटाड्याने स्वतः ओढून बघितले. माणसाचं शरीर जवळजवळ पाण्याएवढंच घन असतं, त्यामुळे तोंड पाण्यावर राहायला चार-पाच किलोंचा आधार पुरतो. पण जॅकेट सैल असेल तर तेच वर जातं आणि माणूस खालीच राहतो. दोन्ही खांद्यांवरून ओढून ते कानापर्यंत येत नाही ना, एवढं प्रत्येकाने बघावंच.

वल्हवायला सुरुवात केल्यावर पहिली दहा मिनिटं मी दंडांनी वल्हवत होतो आणि दमत होतो. "हाताने नाही, पाठीने," असं वाटाड्याने दोनदा सांगितलं. पातं पुढे, पायाच्या अंगठ्याजवळ पाण्यात रोवायचं आणि कंबरेवरचं अख्खं धड फिरवायचं. गंमत अशी की नीट वल्हवलं तर पातं पाण्यात फारसं मागे सरकतच नाही. ते जवळपास जागेवर राहतं आणि आपण त्याच्या पुढे निघून जातो. जमिनीत काठी रोवून पुढे सरकावं तसं. पातं रुंद असण्याचं कारणही हेच. थोडं पाणी जोरात मागे फेकण्यापेक्षा पुष्कळ पाणी हळू ढकलण्यात कष्ट कमी वाया जातात.

आता मूळ प्रश्न. इथलं पाणी शांत का?

वाऱ्याला लाट उभी करायला तीन गोष्टी लागतात: जोर, वेळ आणि पळायला मोकळी जागा. अरबी समुद्रावर शेकडो किलोमीटर मोकळी जागा आहे. तिथे दूर कुठेतरी उठलेली लाट इथे वारा नसतानाही येऊन पोचते. खाडीत वाऱ्याला काठापासून काठापर्यंत फार तर काही शे मीटर मिळतात. तेवढ्यात पाण्यावर सुरकुत्या पडतात, लाट उभी राहत नाही. आणि समुद्राची लाट? ती किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात येते तेव्हा तिचा वेग मंदावतो, माथा उंचावतो, आणि पाण्याची खोली लाटेच्या उंचीपेक्षा जेमतेम जास्त उरली की ती फुटते. एवढ्या लांबून आणलेली ताकद त्या वाळूवर खर्च होते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या पटीत असते. त्यामुळे संगमाच्या तोंडातून वळून आत शिरणारी लाट उंचीने निम्मी झाली, तरी ऊर्जा चौथाईच उरते.

म्हणजे खाडी शांत आहे, कारण देवबागची पट्टी रात्रंदिवस मार खाते. ही पट्टी खडकाची नाही. नदीने आणलेली आणि लाटांनी किनाऱ्याच्या कडेकडेने ढकलत आणलेली वाळू साचून ती तयार झाली आहे. समुद्राकडच्या अंगाला किनारा धुपतो, माड कोसळतात. तिथे दगडांचे बंधारे घालावे लागले आहेत. कयाकमध्ये बसून डावीकडे ती माडांची रांग बघताना मला सारखं वाटत होतं, की आपण या निवांतपणाचे पैसे वाटाड्याला देतो, पण तो पुरवते ही वाळू. तिथे राहणाऱ्यांच्या घराअंगणाचा प्रश्न आहे हा, आणि पर्यटकांनाही तो ठाऊक असायला हवा.

सकाळची वेळ निवडण्यामागेही शास्त्र आहे. एक किलो वाळू तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे पाचपट एक किलो पाण्याला लागते. दुपारी जमीन चटकन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्राकडून खारे वारे सुटतात. रात्री उलट, जमिनीकडून मतलई वारे. या दोघांच्या बदलीच्या वेळी, सकाळी, हवा थबकलेली असते. तेव्हा खाडी आरशासारखी दिसते, आणि कयाकमधून तर जास्तच. पाण्याकडे सरळ खाली बघितलं तर शंभरातला दोन भाग प्रकाश परत फिरतो. पण डोळा पाण्यापासून जेमतेम पाऊण मीटरवर असला, तर लांबचं पाणी इतकं तिरपं दिसतं की निम्म्याहून अधिक प्रकाश परत येतो. म्हणून काठावर उभ्या माणसाला हिरवट दिसणारं पाणी आम्हाला चक्क आकाशाच्या रंगाचं दिसत होतं.

पण शांत म्हणजे थांबलेलं नव्हे. निघायच्या आधी वाटाड्याने आईला विचारलं होतं, "आज एकादशी मां? मगे सवा सातच्या सुमाराक पाणी भरतला." घड्याळ नाही, मोबाइल नाही. आई उपासाची, साबुदाण्याची खिचडी खाऊन निघालेली. तिला या माणसाबद्दल एकदम आदर वाटला.

कोकणातला हा जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तितक्या वाजता मुंबईला पूर्ण भरती. चंद्र रोज आकाशात थोडा मागे पडतो, पृथ्वीला त्याच्यासमोर यायला आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं जास्त लागतात, म्हणून भरती रोज तेवढी उशिरा. पाऊण तास धरला की हिशेब जवळपास जमतो. एकादशीला अकरा पाऊण सव्वाआठ. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जाते, त्यामुळे मालवणला ती मुंबईच्या साधारण तासभर आधी येते. सव्वासात!

अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र एकमेकांशी काटकोनात ओढतात, त्याचा परिणाम दिसतो एक-दोन दिवस उशिरा. म्हणून एकादशीलाही भांगाचा, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीचा, अंमल होता, पाण्याला ओढ कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हीच खाडी वेगळी वागते, विशेषतः भरती-ओहोटीच्या मधल्या दोन तासांत, जेव्हा पाणी सगळ्यांत वेगाने धावतं. आम्ही पावणेसातला निघालो ते सरत्या भरतीबरोबर वर, आणि परतणार होतो लागत्या ओहोटीबरोबर. दोन्ही वेळा पाणी आमच्या बाजूने. चांगला वाटाड्या म्हणजे काय, ते इथे कळतं.

पलीकडच्या काठाला कांदळवन होतं. वाटाड्याने तिवराचं एक पान वाकवून धरलं आणि आईला त्यावर बोट फिरवून जिभेला लावायला सांगितलं. खारट! तिवर मुळांवाटे शिरलेलं मीठ पानांवरच्या बारीक ग्रंथींतून बाहेर टाकतं. कांदळाची रीत निराळी. त्याची मुळंच बहुतेक मीठ दारात अडवतात. चिखलातून वर आलेले तिवराचे पेन्सिलीएवढे कोंब म्हणजे श्वास घेणारी मुळं, कारण त्या काळ्या गाळात प्राणवायू जवळपास नसतोच. चिप्पीही होती. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्ष म्हणून मान दिला. इथून जवळ, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत, स्वामिनी बचत गटाच्या महिला हाताने वल्हवायच्या होडीतून कांदळवन दाखवतात. तेही जरूर बघावं.

मुळांतून एक पाणपक्षी पोहत बाहेर आला. त्याच्या मागे पाण्यावर बाणाच्या टोकासारखा आकार उमटत गेला. मागे वळून बघितलं, तर आमच्या मागेही तसाच. खोल पाण्यात या बाणाचा कोन सुमारे ३९ अंश असतो, मग पोहणारा पक्षी असो, कयाक असो की मालवाहू जहाज. लॉर्ड केल्विन यांनी १९व्या शतकात हे गणिताने दाखवलं. पाण्यात लांब लाटा वेगाने आणि आखूड लाटा हळू धावतात, आणि प्रत्येक लाटेची ऊर्जा लाटेच्या निम्म्याच वेगाने सरकते. या दोन गोष्टींतून तो कोन बांधला जातो. इतका नेमका आकडा असा सकाळी सकाळी, पक्ष्याच्या शेपटीमागे आखलेला बघायला मिळणं, हे मला सहलीतलं सर्वांत मोठं सुख वाटलं.

थोड्या वेळाने एक मोटरबोट लांबून गेली आणि तिच्या लाटा आमच्याकडे निघाल्या. आईने दोन्ही हातांनी कड धरली. "नाक लाटेकडे!" वाटाड्या ओरडला. मी उजवीकडे रुंद वल्हं मारलं, कयाकचं तोंड डावीकडे वळलं, आणि लाट नाकाखालून येऊन शेपटाखालून निघून गेली. रुंदीच्या घनाचा नियम लांबीलाही लागू आहे. आमची कयाक रुंदीच्या साधारण पाचपट लांब होती. एकीकडे लांबीचा घन गुणिले रुंदी, दुसरीकडे रुंदीचा घन गुणिले लांबी, त्यामुळे भागाकारात पाचाचा वर्ग उरतो. म्हणजे आडव्या लाटेपुढे जेवढी ती डळमळली असती, त्याच्या मानाने समोरून आलेल्या लाटेपुढे ढोबळ हिशेबाने पंचवीसपट खंबीर.

परतताना वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. ओहोटी लागली होती. काठाजवळच्या खांबाला बिलगून पाण्याची बारीक रेघ समुद्राच्या दिशेने वाहत होती. लांब संगमाजवळ वाळूचा उंचवटा उघडा पडायला लागला होता. नदीचं पाणी समुद्राला भेटताना मंदावतं आणि हातातली वाळू तिथेच सोडतं. त्या बेटाला लोक सुनामी आयलंड म्हणतात. माडांच्या पलीकडून पुन्हा लाटांचा आवाज येऊ लागला.

आई बराच वेळ गप्प होती. तिच्या शाळेत पावकी, निमकी, पाउणकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत. काठाला लागता लागता तिने पुढूनच, मान न वळवता विचारलं, "उद्या बारस ना?" आणि मी काही बोलायच्या आत बोटांवर मोजत म्हणाली, "बारा पाऊण नऊ. त्यातला एक गेला, आठ. त्याला सांग, उद्या साडेसातला येतो."