बिटकॉइन नोड, घरगुती

बिटकॉइन नोड, घरगुती : बिटकॉइन या आभासी चलनाच्या जाळ्यातील प्रत्येक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) आणि प्रत्येक व्यवहार स्वतः उतरवून घेऊन नियमांनुसार तपासणारा, घरात अखंड चालू ठेवलेला संगणक. साधारण २०१८ नंतर याच संगणकावर फोटो, पासवर्ड, दिनदर्शिका अशी खाजगी अ‍ॅप्स चालवण्याची पद्धत रुळली. त्यामुळे ‘नोड’ म्हणताना आता पुष्कळदा अख्खा गृह-सर्व्हर अभिप्रेत असतो. नोड चालवून बिटकॉइन मिळत नाहीत. ते मायनिंगचे (नवा ब्लॉक बांधण्याच्या शर्यतीचे) फळ, आणि त्याची यंत्रे वेगळी. आपल्या पत्त्यावर रक्कम आली की नाही हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही, एवढाच नोडचा लाभ.

संज्ञेचा वाद : सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या नऊ पानी मूळ निबंधात नोड म्हणजे मुख्यतः मायनिंग करणारा संगणक: तो व्यवहार गोळा करतो, ब्लॉक बांधतो आणि कामाचा पुरावा (पुष्कळ आकडेमोड केल्याशिवाय न सापडणारी संख्या) शोधतो. सॉफ्टवेअरच्या पहिल्या आवृत्तीसोबतच्या सूचनापत्रातही नोड चालवून जाळ्याला हातभार लावायचा असेल तर ‘जनरेट कॉइन्स’ हा पर्याय निवडा, असेच सांगितले आहे. नोव्हेंबर २००८ मधील एका पत्रात नाकामोतो यांनी जाळे वाढल्यावर नोडचे काम विशेष यंत्रे बाळगणाऱ्यांकडे जाईल असे भाकीत केले होते. या आधारे एक पक्ष म्हणतो की, मायनिंग न करणारा संगणक हा नोडच नव्हे. मात्र त्याच निबंधाच्या आठव्या भागात, वारंवार रकमा स्वीकारणारे व्यावसायिक अधिक स्वतंत्र सुरक्षिततेसाठी आणि झटपट पडताळणीसाठी बहुधा स्वतःचे नोड चालवतील, असे वाक्य आहे. आजचा अर्थ या वाक्याच्या वळणाने गेलेला दिसतो. २०१० पासून मायनिंग ग्राफिक्स कार्डांकडे आणि पुढे सामायिक पूलकडे (अनेक मायनरांच्या गटांकडे) सरकले. बिटकॉइन कोअर या मुख्य नोड-सॉफ्टवेअरमधील अंगभूत मायनर २०१६ च्या ०.१३ आवृत्तीत काढून टाकण्यात आला. तेव्हापासून सॉफ्टवेअरच्या पातळीवर तरी हा वाद निकालात निघाल्यासारखा आहे.

पहिल्या नोडची तारीख सांगताना थोडे जपून बोलावे लागते. ब्लॉकच्या साखळीतील पहिल्या ब्लॉकवर ३ जानेवारी २००९ ही तारीख आहे; सॉफ्टवेअर जाहीर झाल्याची तारीख कोठे ८, तर कोठे ९ जानेवारी अशी दिली जाते. सुरुवातीचे वापरकर्ते हॅल फिनी यांची ‘रनिंग बिटकॉइन’ ही ट्विटरवरील दोन शब्दांची नोंद कॅलिफोर्नियात १० जानेवारीची, तर भारतीय वेळेनुसार ११ जानेवारीची ठरते.

मायनिंग न करणाऱ्या नोडच्या हाती कितपत सत्ता असते, हा प्रश्न २०१७ मध्ये धसास लागला. सेगविट ही (व्यवहारातील सह्या वेगळ्या ठेवणारी) सुधारणा न मानणारे ब्लॉक १ ऑगस्टपासून नाकारू, असे काही नोडधारकांनी बीआयपी (बिटकॉइन सुधारणा प्रस्ताव) १४८ अन्वये जाहीर केले. मायनर नमले ते या मुदतीमुळे की त्याच वर्षी मे महिन्यात कंपन्या व मायनर यांच्यात झालेल्या न्यूयॉर्क करारामुळे, यावर एकमत नाही. मायनरांकडून सेगविटला पाठिंबा सक्तीचा करणारा बीआयपी ९१ मुदतीपूर्वीच लागू झाला, ही गोष्ट पहिल्या मताला पुष्टी देते. सेगविट २४ ऑगस्ट २०१७ रोजी ४,८१,८२४ व्या ब्लॉकपासून अमलात आले.

गृह-सर्व्हरचा दुसरा वंश : खाजगी अ‍ॅप्सची परंपरा बिटकॉइनमधून आलेली नाही. कायद्याचे प्राध्यापक एबेन मॉग्लेन यांचे न्यूयॉर्कमधील फेब्रुवारी २०१० चे व्याख्यान व त्यातून उभा राहिलेला फ्रीडमबॉक्स हा घरगुती सर्व्हरचा प्रकल्प, त्याच वर्षीचे फाइल-साठवणीचे ओनक्लाउड, २०१६ मध्ये त्यातून फुटलेले नेक्स्टक्लाउड असा तिचा क्रम आहे. २०१३ मध्ये आलेल्या डॉकर या सॉफ्टवेअरमुळे एकेक अ‍ॅप आपल्याला लागणाऱ्या इतर सर्व सॉफ्टवेअरसह एका डब्यात बंद करता येऊ लागले, आणि तिथे दोन्ही वाटा मिळाल्या. रास्पीब्लिट्झ (२०१८), अंब्रेल (२०२०), स्टार्ट९ ची स्टार्टओएस ही अशा तयार गृह-सर्व्हरांतली परिचित नावे. अंब्रेलची संहिता वाचता येते, पण परवाना व्यापारी वापर नाकारतो. म्हणून तिला मुक्त सॉफ्टवेअर म्हणणे बरोबर नाही.

यंत्रसामग्री : साखळीचा आकार २०२५ मध्ये सुमारे ७०० जीबी होता. दिवसाला सरासरी १४४ ब्लॉक येतात, म्हणून १ टीबीची डिस्क आज घेतली तर काही वर्षांतच अपुरी पडेल. २ टीबी घ्यावी. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क चालत नाही. प्रत्येक व्यवहार तपासताना न खर्चलेल्या रकमांच्या कोठारातून (हे सुमारे ११ जीबी) विखुरलेली वाचने करावी लागतात आणि तबकडीवर त्याला आठवडे लागतात. स्वस्तातली, स्वतःची जलद स्मृती (डीरॅम) नसलेली क्यूएलसी (एका पेशीत चार बिट कोंबणारी) एसएसडी पहिले काही तास पळते आणि मग बसते.

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (८ जीबी) पूर्ण साखळी तपासायला कित्येक दिवस लागतात. त्याच्या प्रोसेसरमध्ये एईएस (कूटलेखन) व शा-२५६ (माहितीचा अंकी ठसा काढणे) साठीच्या खास सूचना नाहीत. पाय ५ मध्ये त्या आहेत. इंटेल एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी, १६ जीबी रॅम व एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क असल्यास तेच काम साधारण एक-दोन दिवसांत उरकते. असे यंत्र सरासरी १० वॅट घेते असे धरले तर महिन्याला सुमारे ७ युनिट वीज लागते.

उतरवलेली सॉफ्टवेअरची फाइल चालवण्यापूर्वी तिची शा-२५६ बेरीज (अंकी ठसा) सोबत प्रसिद्ध केलेल्या यादीशी जुळवावी आणि त्या यादीवरील विकासकांच्या सह्या तपासाव्यात. नुसती बेरीज जुळवणे म्हणजे ज्या संकेतस्थळावरून फाइल घेतली त्याच्यावरच विश्वास ठेवणे. पहिल्या तपासणीपुरता डीबीकॅश (कोठाराचा रॅममध्ये ठेवलेला भाग) मूळ आकारावरून रॅमच्या निम्म्यापर्यंत वाढवावा आणि काम संपल्यावर परत खाली आणावा. जागा कमी असल्यास प्रूनिंग करता येते (किमान ५५० एमबी). तेव्हाही प्रत्येक ब्लॉक तपासला जातो, फक्त जुने ब्लॉक नंतर पुसले जातात. अडचण पुढे येते: इलेक्ट्रम सर्व्हर (वॉलेटला त्याच्या पत्त्यांवरील व्यवहार सांगणारा) अशा नोडवर चालत नाही आणि जुने वॉलेट (बिटकॉइनच्या किल्ल्या सांभाळणारे सॉफ्टवेअर) आयात केल्यास पुसलेल्या काळातील व्यवहार शोधता येत नाहीत.

वीज : नोड बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच. डीबीकॅश मोठा असताना वीज गेली तर शेवटच्या नोंदीनंतर केलेली तपासणी रॅमसोबत जाते. ब्लॉकच्या फाइली डिस्कवर असतात, पण ते तास पुन्हा खर्चावे लागतात. याहून वाईट म्हणजे काही डिस्का व यूएसबी अडॅप्टर लेखन पुरे झाल्याचे खोटेच कळवतात. मग नोडचे लेव्हलडीबी (डेटाबेस) कोठार फाटते आणि ‘करप्टेड ब्लॉक डेटाबेस डिटेक्टेड’ असा संदेश येतो. आधी रीइंडेक्स-चेनस्टेट (न खर्चलेल्या रकमांचे कोठार नव्याने बांधणे) करून पाहावे. ब्लॉकच्या फाइली शाबूत असतील तर तेवढ्याने भागते. नाहीतर पूर्ण रीइंडेक्स. यातही शाबूत ब्लॉक पुन्हा उतरवून घ्यावे लागत नाहीत, पण दोन्हींत तपासणी पहिल्या ब्लॉकपासून होते.

महाराष्ट्रातील घरांत इन्व्हर्टर असतो, म्हणून निर्धास्त राहू नये. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ व ‘नॉर्मल’ अशी कळ असते. नॉर्मलवर वीज बदलताना पंख्याला फरक पडत नाही, पण संगणक रीस्टार्ट होतो. कळ यूपीएसवर ठेवावी, आणि राउटर व फायबरची डबी दोन्ही त्याच ओळीवर घ्यावीत. रास्पबेरी पायचे दुखणे आणखी सूक्ष्म आहे. फोनच्या चार्जरवर तो सुरू होतो, पण डिस्क जोरात लिहू लागली की दाब ४.६३ व्होल्टखाली घसरतो, कर्नलच्या लॉगमध्ये ‘अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड’ उमटते आणि डिस्क मध्येच नाहीशी होते. दोष डिस्कचा समजून ती बदलली जाते. खरा दोष बहुधा बारीक वायरीत असतो. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ अँपिअरचा मूळ अडॅप्टरच वापरावा.

जाळ्याशी जोडणी : नोड स्वतःहून दहा बाह्य जोडण्या करतो: आठ पूर्ण, दोन फक्त ब्लॉकपुरत्या. साखळी तपासायला एवढे पुरते. इतरांना सेवा द्यायची असेल तर राउटरमध्ये ८३३३ पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडण्यांचे दार) उघडावा लागतो आणि इथे भारतात बहुतेकांचे अडते. राउटरमधील वॅन (बाहेरच्या बाजूचा आयपी) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटला आहे. मग पोर्ट फॉरवर्ड करण्यात वेळ घालवू नये. टॉर या निनावी जाळ्याची अनियन सेवा बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवरच चालते, तिला पोर्ट लागत नाही. टेलस्केल हे खाजगी जाळे जोडणारे सॉफ्टवेअरही चालते, पण ते स्वतः याच पत्तामालिकेतून पत्ते देते, त्यामुळे क्वचित गोंधळ उडतो. अशा बंद दारामागच्या नोडची थेट मोजणी होत नाही. जाळ्यातील एकूण नोडचे आकडे म्हणूनच अनुमान समजून वाचावेत. ८३३२ हा आरपीसी (नोडला आज्ञा देण्याचा) पोर्ट मात्र कधीच बाहेर उघडू नये.

वॉलेट : नोड चालू आहे, पण फोनमधले वॉलेट अजून परक्या सर्व्हरलाच विचारते, ही स्थिती फार आढळते, मग नोडचा उपयोग शून्य. परक्या इलेक्ट्रम सर्व्हरला वॉलेटमधील सारे पत्ते आणि आयपी पत्ता एकत्र दिसतो. नोडवर इलेक्ट्रस किंवा फुलक्रम हा स्वतःचा इलेक्ट्रम सर्व्हर बसवून स्पॅरो, ब्लूवॉलेट या वॉलेटांना तिकडे वळवावे (पोर्ट ५०००१, एसएसएलसाठी ५०००२). फुलक्रमची अनुक्रमणी जागा जास्त खाते, पण पुष्कळ पत्ते असलेल्या वॉलेटला उत्तर लवकर देते.

खाजगी अ‍ॅप्स : नेक्स्टक्लाउड, फोटोंसाठी इमिच, पासवर्डांसाठी व्हॉल्टवॉर्डन, चित्रपटांसाठी जेलीफिन ही नेहमीची चौकडी. व्हॉल्टवॉर्डनचे पान साध्या एचटीटीपीवर उघडते, पण लॉगिन होत नाही: ब्राउझर कूटलेखनाची साधने सुरक्षित जोडणीवरच देतो. स्टार्टओएस यासाठी स्वतःचे मूळ प्रमाणपत्र तयार करते. ते घरातल्या प्रत्येक फोनवर व संगणकावर एकदा बसवावे लागते. दुसरी खाच डॉकरची. यूएफडब्ल्यू या फायरवॉलमध्ये पोर्ट बंद केला तरी डॉकरने प्रकाशित केलेला पोर्ट उघडाच राहतो, कारण डॉकर आपले नियम त्याच्या आधी घालतो. पोर्ट १२७.०.०.१ ला (यंत्राच्या स्वतःपुरत्या पत्त्याला) बांधणे हा त्यावरचा सोपा इलाज.

राखीव प्रती : साखळीची प्रत ठेवू नये, ७०० जीबी पुन्हा मिळतात. बिटकॉइनपुरते जपायचे ते काही केबींचे असते. वॉलेटचे बीज-शब्द (ज्यांवरून ते पुन्हा उभे करता येते) कागदावर किंवा धातूच्या पट्टीवर, यंत्रापासून दूर ठेवावेत. लाइटनिंग (बिटकॉइनवर उभे असलेले झटपट व्यवहारांचे जाळे) चालवत असल्यास चॅनल.बॅकअप ही फाइल दर नव्या चॅनलनंतर (दोन नोडमधील सामायिक शिल्लक म्हणजे चॅनल) बाहेर गेली पाहिजे. तिच्या आधारे समोरच्या नोडला चॅनल बंद करण्याची विनंती करता येते, एवढेच. आठवड्यापूर्वीचा चॅनल.डीबी (चॅनलमधील शिलकीच्या नोंदी) परत बसवणे हा मात्र घात आहे. जुनी शिल्लक जाहीर होते, समोरचा नोड तिला फसवणूक मानतो आणि दंड-व्यवहाराने त्या चॅनलमधली सगळी रक्कम घेतो. नेक्स्टक्लाउडची प्रत घेताना मेंटेनन्स मोड लावून फाइली व डेटाबेस एकाच वेळी उचलावेत, अन्यथा परत बसवल्यावर फाइल असते आणि तिची नोंद नसते.

कायदेशीर स्थिती : भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आणि हस्तांतरणाच्या मोबदल्यावर १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे. बँकांना अशा व्यवहारांपासून रोखणारे रिझर्व्ह बँकेचे एप्रिल २०१८ चे परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केले. कर हस्तांतरणावर आहे. नोड कोणतेही हस्तांतरण करत नाही, फक्त तपासतो.