बियाण्यापासून मातीपर्यंत : जागतिक अन्न पुरस्काराची पार्श्वभूमी

२०२० चा जागतिक अन्न पुरस्कार मृदाशास्त्रज्ञ डॉ. रतन लाल यांना मिळाला, तेव्हा हा पुरस्कार सुरू होऊन तीन दशकं उलटली होती. शेतीला नोबेल नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नॉर्मन बोरलॉग यांनी १९८६ मध्ये तो सुरू केला. बोरलॉग स्वतः गव्हाच्या वाणांचे संशोधक, आणि हरितक्रांतीचा भरही बियाण्यावर. १९८७ चा पहिला मान डॉ. स्वामिनाथन यांना मिळाला, तर १९९८ चा जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी करणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना.

मातीकडे लक्ष गेलं ते बरंच उशिरा. २००२ मध्ये मृदाशास्त्रज्ञ पेड्रो सांचेझ, २००६ मध्ये ब्राझीलच्या आम्लधर्मी सेराडो पठारावर शेती शक्य करणारे तिघे. आणि मग लाल.

फाळणीत त्यांचं कुटुंब आजच्या हरियाणात आलं, जेमतेम जमिनीवर नव्याने उभं राहिलं. लुधियाना, दिल्ली आणि अमेरिकेतल्या ओहायोत शिकून लाल १९७० मध्ये नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन संस्थेत गेले. तिथे जंगल यंत्रांनी साफ करून जमीन नांगरली की उघडी माती उन्हात तापायची. पावसाच्या माऱ्याने वर पापडी धरायची, पाणी मुरेना, आणि वाहताना वरचा सुपीक थर घेऊन जायचं. लाल यांनी नांगरणीच टाळली. पिकाचे अवशेष रानातच पसरले, जमीन झाकून ठेवणारी आच्छादन पिकं घेतली, पिकांच्या जोडीला झाडं लावली. पावसाचा थेंब आता मातीऐवजी काडीकचऱ्यावर पडू लागला.

माझ्या मते त्यांचं मोठेपण याच्या पुढच्या पावलात आहे. मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्यातून आलेला कार्बन, घटला की पीक घटतं आणि तोच कर्ब हवेत जाऊन तापमान वाढवतो, ही सांगड त्यांनी १९८७ पासून ओहायोत आयुष्यभराचा विषय केली. पुरस्काराचे अडीच लाख डॉलर त्यांनी मृदासंशोधनाला देऊन टाकले. २०२१ मध्ये भारताने त्यांना पद्मश्री दिली.

आपल्याकडे ऊस तुटला की पाचट पेटवणारे अजून खूप आहेत, आणि सोन्यासारखा कर्ब धुरात जातो. पण नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं भाताचं सगुणा तंत्र याच विचाराच्या वाटेवरचं आहे : गादीवाफे एकदाच करायचे, पुन्हा नांगर घालायचा नाही, कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच कुजू द्यायची.