खाडीचं मॉडेलिंग: वाशिष्ठी आणि कोयनेचं अवजल

नदीचं गोडं पाणी किती येतं, भरती किती आत चढते, त्यावरून खाडीत कुठे किती खारटपणा राहील, गाळ कुठे बसेल, तळाला ऑक्सिजन पुरेल का हे कॉम्प्युटरवर गणितानं काढणं म्हणजे खाडीचं मॉडेलिंग. कोकणात यासाठी सगळ्यात इंटरेस्टिंग नदी म्हणजे चिपळूणवरून दाभोळ-अंजनवेलला समुद्राला मिळणारी वाशिष्ठी.

कोकणातल्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटत जातात, मग खारं पाणी वर वर सरकतं. वाशिष्ठीचं तसं नाही. कोयना मूळची कृष्णेच्या खोऱ्यातली, पण तिचं पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला आणून वीज बनवतात आणि वापरून झालेलं पाणी, म्हणजे अवजल, वाशिष्ठीत येतं, तेही भर उन्हाळ्यात. कृष्णेचं पाणी राज्यांमध्ये वाटून देणाऱ्या बच्छावत लवादानं याला वर्षाला 67.5 टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली, सरासरी काढली तर सेकंदाला साधारण 60 हजार लिटर! त्यामुळे नुसता पाऊस आणि भरती घालून मॉडेल चालवलं तर एप्रिल-मेचं उत्तर चुकणारच, अवजल कधी किती सुटलं हा डेटा हवाच आणि तो विजेच्या मागणीप्रमाणे बदलतो.

दुसरं म्हणजे मॉडेलमध्ये पाण्याचे थर हवेत. गोडं पाणी हलकं, ते वरून वाहतं, खारं जड, ते तळातून पाचरीसारखं आत शिरतं, म्हणून होडीतून ओंजळभर घेतलेलं पाणी गोडसर लागलं तरी तळातले तिसऱ्या आणि कालवांसारखे शिंपले खाऱ्यात असू शकतात. एकच सरासरी आकडा काढला तर हे दिसत नाही.

हवामान बदलाचं म्हणाल तर समुद्राची पातळी वाढतेय आणि थोड्या तासांत धो धो पाऊस पडतोय. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा अतिवृष्टी किती जबाबदार, भरती किती, नदीतला गाळ किती आणि अवजल किती यावर खूप वाद झाला. तोच पूर अवजल धरून आणि वगळून असा दोनदा मॉडेलमध्ये चालवला की अवजलाचा वाटा बराचसा वेगळा काढता येतो, मला तर मॉडेलिंगचा हाच सगळ्यात मोठा उपयोग वाटतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत याच्या पुढचं पाऊल टाकलंय. तळाजवळ हजारात 2 भाग मीठ असलेली रेषा खाडीच्या तोंडाशी असलेल्या गोल्डन गेटपासून किती किलोमीटर आत आहे हे बघतात, तिला एक्स-टू म्हणतात, आणि 1995 च्या नियमांपासून फेब्रुवारी ते जून धरणांचं पाणी सोडताना ती रेषा सांभाळावी लागते, कारण तिथल्या बऱ्याच माशांची संख्या तिच्यासोबत कमी-जास्त होते. आपला 67.5 टीएमसीचा आकडा मात्र राज्यांमधल्या पाणीवाटपातून आलाय, खाडीतल्या माशांचा विचार करून नाही.